सारख्या खाचांची पट्टी

परीक्षांचे दिवस आले की आमच्या पारनेरात सगळ्यात आधी बदलतो तो आवाज. एरवी ओट्यांवर गप्पा हाणणारी मुलं भिंतीकडे तोंड करून पुटपुटू लागतात. दुपारी दवाखाना बंद करून मी घरी निघतो तेव्हा गल्लीच्या दोन्ही बाजूंनी ही पुटपुट ऐकू येते आणि वरून कडुलिंबाचा बारीक मोहोर टोपीवर गळत असतो. लोकांना तो वास गोड लागतो. मला त्याच्यामागून दुसरे दोन वास येतात, जे या गल्लीत नसतातच: एक उकळत्या डिंकाचा, दुसरा हिंगाच्या अर्काचा. मग त्या दिवशी जेवण नीट जात नाही. बायको कारण विचारत नाही. वैशाख सरेपर्यंत हा माणूस तिरसटच असतो, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं आहे.

यंदा त्यात मधूची भर पडली. मधू माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. पुण्याला इंटर सायन्सची परीक्षा देऊन तो चार दिवस राहायला आला, येताना एक छापील चोपडी घेऊन आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"काका, डॉक्टरकीला मार्क पुरणार नाहीत. औषधांची पदवी घ्यावी म्हणतो."

"का घ्यावी?"

"का म्हणजे? नवा कायदा झालाय ना. आता परवान्याशिवाय औषध बनवता येणार नाही. परवानावाल्याला मरण नाही."

"ते कळलं. पण औषध करायला आवडतं का तुला?"

तो माझ्याकडे बघून हसला. जुनं नाणं दाखवल्यावर पोरं हसतात तसं. "आवडायचा काय संबंध, काका? दुकान नाही चालवलं तरी परवाना भाड्यानं देता येईल म्हणे. घरबसल्या."

बायको चहा ठेवायला आली होती. ती मला म्हणाली, "ऐकलंत? भाड्यानं देतात. तुम्ही मात्र इतकी वर्षं खल घासत बसलात."

मी चोपडी उघडली. मला छापलेलं काहीही वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. मुनीमगिरीची खोड आहे ती. रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पती, औषधांची ओळख, लॅटिन नावं, गणित, कायदा. प्रत्येकापुढे तास आणि मार्क. सगळं नेटकं, बेरीज बरोबर. चार वर्षांत हा मुलगा कितीतरी शिकणार होता. फक्त रोग्याने घरून आणलेली बाटली पुढे आली की तिचं काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. मी चोपडी दोनदा पाहिली. मग मिटून त्याला परत दिली, आणि लढाईच्या दिवसांतला नगरचा तो उन्हाळा माझ्यापुढे उभा राहिला.

*

तेव्हा मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप होतो. नगरच्या बाजारात एका धान्याच्या अडतीवर मुनीम होतो. मण, पायली, शेर यांत माझी हयात चालली होती. मग धान्यावर कंट्रोल आला, पोती सरकारी गोदामात जाऊ लागली आणि शेठजींनी एके दिवशी गादी उचलून भिंतीला टेकवली. "मुनीमजी, आता लिहायचं काय?" इतकंच ते म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं.

गावात एक मोठा दवाखाना होता. तिथे कंपाउंडरचा वर्ग निघाला होता. शिकता शिकता थोडं विद्यावेतन मिळे, म्हणून मी गेलो. रोग्यांची सेवा वगैरे माझ्या मनात नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. घरात पीठ हवं होतं, आणि वजनमापाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं.

वर्ग भरे तो औषधखोलीच्या मागच्या लांबोळक्या पत्र्याच्या खोलीत. दुपारी पत्रा तडतड वाजे. वाळ्याचा पडदा होता, पण तो डॉक्टरसाहेबांच्या खिडकीला. आमच्यापर्यंत त्याचा नुसता वास येई, गारवा येत नसे. पाण्याचा रांजण, त्यावर पितळेचं ओगराळं. कोपऱ्यात शेगडीवर बाभळीचा डिंक शिजत असे, त्यात बुरशी धरू नये म्हणून मोरचुदाचा खडा. शेजारच्या कढईत बुचं उकळत. पेपरमिंटचं पाणी, कार्बोलिक, हिंगाचा अर्क: हे सगळं कपड्यांत असं भिने की मी घरात पाय ठेवला की धाकटा नाक दाबून म्हणे, "बाबा आले."

डॉक्टरसाहेब भले गृहस्थ. वर्ग त्यांनीच काढला, अभ्यासक्रमही त्यांनीच इंग्रजी पुस्तकावरून रात्रंदिवस खपून मराठीत उतरवला. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "इथे का आलात?"

रंगनाथ नावाचा पुणतांब्याचा तरुण पहिला उठला. गोदेकाठची जमीन, घरचं बरं. तो म्हणाला, "दीनदुबळ्यांची सेवा." वर्ग सुटल्यावर त्याने आम्हाला खरं सांगितलं. "आमच्या गावात सुई टोचणाऱ्याला डॉक्टर म्हणतात. एकदा पास झालो की पाटी लावतो, टोचतो, मोकळा होतो."

युनूस नगरचाच. बापाचं अत्तराचं आणि काष्ठौषधींचं दुकान होतं. तो म्हणाला, "साहेब, अब्बांचे गिऱ्हाईक आता चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठी अब्बांना वाचता येत नाही. म्हणून आलो." डॉक्टरसाहेबांना हे आवडलं.

मी म्हणालो, "नोकरी गेली म्हणून." सगळे हसले.

शेवटी मार्था उठली. मार्था त्याच दवाखान्यात आया होती. राहुरीकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली, मराठी सातवी पास. नवरा पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला होता आणि बऱ्याच महिन्यांत त्याची मनिऑर्डर आली नव्हती. तीन वर्षांची मुलगी, सुमन, गावाकडे आजीजवळ. आयांच्या खोलीत लेकरू ठेवायची मुभा नव्हती.

"मला माज्या पोरीला जवळ ठेवायचीय," ती म्हणाली. "कंपाउंडरला ऱ्हायला जागा मिळती."

डॉक्टरसाहेब थोडे खट्टू झाले. "अहो, पण या विद्येविषयी काही?"

"विद्या चांगलीच असंल की, सायेब. न्हाईतर जागा कशाला देतील?"

आता मी पुष्कळदा विचार करतो. आम्हा चौघांत खोटं एकच जण बोलला, आणि पुढे तोच सगळ्यांत आधी नोकरीला लागला. यात काही नियम आहे असं मी म्हणत नाही. पण मधूला मी रागावलो नाही याचं कारण हे आहे. तो निदान खरं बोलला.

*

अभ्यासक्रमाचा मोठा हिस्सा लॅटिन संक्षेपांचा होता. डॉक्टर चिठ्ठीवर जे दोन-तीन अक्षरांत लिहितात ते ओळखायचं. आमच्यापैकी कुणाला इंग्रजीही धड येत नव्हतं, तिथे लॅटिन. युनूसने त्यावर तोडगा काढला. "टी. डी. एस. म्हणजे काय? 'तीनदा द्या, साहेब!' झालं. कशाला डोकं फोडता?" सगळा वर्ग तसंच पाठ करू लागला. उन्हात खांबाला टेकून मीही पुटपुटत असे, धाकटा घरी मला चिडवत असे, "बाबांचीपण परीक्षा आहे, बाबांना गणित येत नाही." गणितच तेवढं येत होतं. ग्रेन, ड्रॅम, औंस यांचं त्रैराशिक मी तोंडी सोडवी. पण त्याला मार्क थोडे.

त्या काळी मिक्श्चर बाटलीतून मिळे हे वाचकांना ठाऊक आहे. खेड्यांत अजून मिळतंच. बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असते, तिला कडेने खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. ही पट्टी करायची रीत अभ्यासक्रमात होती: बाटलीत जेवढी औषधाची उंची तेवढा कागद घ्यावा, जेवढे डोस तेवढ्या समान घड्या घालाव्यात, घड्यांवर कातर मारावी. पाच मिनिटांचं काम. ही रीत विलायती पुस्तकातली होती, आणि त्या पुस्तकातली बाटली वरपासून खालपर्यंत एकसारखी सपाट होती.

लढाईत तशा बाटल्या मिळेनाशा झाल्या. दवाखान्याने दारावर लिहिलं: बाटली आपली आणावी. मग काय काय येऊ लागलं! केसांच्या तेलाची बुडाशी पसरट आणि वर निमुळती. सरबताची लांब मानेची. दारूची, जिचं बूड आत खोल घुसलेलं. शाईची, गुलाबपाण्याची, एकदा तर समईच्या तेलाची, चिकटलेल्या वातीसकट. आया त्या राख लावून घासत, उन्हात पालथ्या घालत. दुपारी त्या अंगणाकडे पाहिलं की डोळे दिपत: हिरव्या, तपकिरी, निळ्या, नाना घाटांच्या बाटल्या, जसं काही अठरापगड माणसं रांगेत बसली आहेत.

त्यातून कालव्याकडच्या गावांत हिवतापाने थैमान घातलेलं. क्विनीन मिळत नव्हतं. असलेला डबा डॉक्टरसाहेबांच्या कपाटात कुलपाबंद. पाणथळ शेतांतून पिवळी पडलेली माणसं घोंगडी गुंडाळून भर उन्हात थडथडत येत. बाटलीत मोजून घातलेलं औषध त्यांच्या पोटात मोजून जाणं भाग होतं.

मार्थाने बाटल्या घासण्यात दोन वर्षं घालवली होती. तिने एकदा पट्टीची घडी घातली, केसांच्या तेलाच्या बाटलीला लावून पाहिली आणि सोडवून टाकली. मग तिने मापाच्या पेल्याने एक औंस पाणी बाटलीत ओतलं, बाहेरून कोळशाची रेघ मारली. दुसरा औंस, दुसरी रेघ. अशा आठ रेघा. मग कागद धरून त्या रेघांप्रमाणे खाचा पाडल्या. खाली बाटली पसरट, तिथे खाचा दाट आल्या; वर निमुळती, तिथे लांब लांब.

रंगनाथ बघत होता. "मार्थाबाई, बाटली आहे ती. पोरीचा परकर नाही, असं माप घ्यायला."

"परकराचं माप चुकलं तर दिसतं, रंगनाथराव," ती मान वर न करता म्हणाली. "हितं चुकलं तर दिसत न्हाई. येवढाच फरक."

युनूस टाळी वाजवून म्हणाला, "वाहवा! लिहून घ्या हे. अभ्यासक्रमात नाही."

मी ती बाटली हिशेबाला घेतली. समान घडीच्या पट्टीने वरचा पहिला डोस जेमतेम अर्धा औंस पडत होता आणि तळाचा शेवटचा दीड. म्हणजे तापाच्या पहिल्या दिवशी रोग्याला अर्धं औषध आणि शेवटी त्याच्या तिप्पट. अडतीवर असं माप कुणी दिलं असतं तर शेतकऱ्यांनी तराजू उचलून फेकला असता. मी डॉक्टरसाहेबांना आकडे दाखवले. त्यांनी दोनदा पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "रोजच्या कामात तसंच करा. परीक्षेचं मात्र अभ्यासक्रमाप्रमाणे. परीक्षक बाहेरून येतात, त्यांच्या हातात मी लिहिलेलंच असतं." आकड्यांचा कागद त्यांनी मला परत दिला. "आणि परीक्षेला मी सरळ बाटल्या मिळवीन. काळजी नको."

मी माघारी येऊन हे सर्वांना सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही दोन रीती शिकू लागलो, एक रोग्यासाठी आणि एक परीक्षेसाठी. तेव्हा ते आम्हाला विचित्र वाटलं नाही. शिक्षण म्हणजे असंच असतं अशी आमची समजूत होती.

*

चैत्रात बातमी आली की राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्याला आमच्या वर्गातला पास झालेला एक कंपाउंडर हवा आहे. तिथल्या डॉक्टरांना बाई चालत होती. नव्हे, मजूर बायकांसाठी बाईच बरी, असं त्यांनी कळवलं होतं. मार्था रविवारी मुलीला भेटायला गेली, तेव्हा वाट वाकडी करून ती जागा बघून आली.

"दोन खोल्या हायेत," सोमवारी ती बुचं उकळताना मला सांगत होती. "म्होरं पडवी. आन् नळ! नळ, मुनीमदादा! सुमी पान्यात खेळायला लई वेडी. आई तर म्हनती, पोरगी घिऊन जा, आता माज्यानं व्हत न्हाई. गेल्या बारीला सुमी माज्याकडं पटकन आलीच न्हाई. आजीच्या पदराआडून बघत हुती. नंतर आली म्हना."

ती हसत होती. डिंकाचा बुडबुडा फुटून तिच्या हातावर उडाला, ते तिला कळलंही नाही.

त्या महिन्यात तिने जो अभ्यास केला तसा मी माणसाला करताना पाहिलेला नाही. लॅटिनचे संक्षेप ती ओव्यांच्या चालीवर म्हणे. वॉर्डात बाज उचलताना म्हणे, भांडं घासताना म्हणे. लेखी परीक्षेत ती आमच्यात दुसरी आली. पहिला मी, पण माझं वयच हिशेबात गेलं होतं. त्याचं विशेष नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वारा पडला होता. पत्रा तापून त्याखाली श्वास घेणं म्हणजे भाकरीच्या तव्यावर तोंड धरणं. पुण्याहून आलेले परीक्षक, पांढरा कोट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, दर थोड्या वेळाने मानेवरून रुमाल फिरवत होते. टेबलावर बाटल्या मांडलेल्या. डॉक्टरसाहेबांनी सरळ बाटल्यांसाठी खरोखर धडपड केली होती, पण सगळ्यांना पुरतील इतक्या मिळाल्या नव्हत्या. ज्याच्या नंबरापुढे जी आली ती त्याची. माझ्यापुढे सरळ आली. रंगनाथपुढे सरळ आली. मार्थापुढे केसांच्या तेलाची.

तिने ती उचलली, उजेडात धरली. एकदा डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ती आता घडी घालेल. सगळ्या वर्गाला वाटलं. पण तिने मापाचा पेला घेतला आणि पाणी ओतायला सुरुवात केली.

आमचं सगळ्यांचं झालं. तिचंही वेळेत झालं. परीक्षक बाटल्या बघत आले. तिच्यापाशी थांबले आणि त्यांनी खिशातून फूटपट्टी काढून कागदाच्या पट्टीवर ठेवली.

"खाचा सारख्या नाहीत."

"सायेब, बाटली तरी कुठं सारखी हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांना ते आवडलं नाही. "अभ्यासक्रमात काय आहे? समान घड्या घालाव्यात. तुम्हाला शिकवलं नाही?"

"शिकवलंय की. पन ह्या बाटलीत ती रीत चालत न्हाई. तुमी माप लावून बगा. हरेक खाचंला एकेक औंस येतोय."

मला राहवलं नाही. मी जागेवरून म्हणालो, "साहेब, बाईंचं बरोबर आहे. घडी घातली असती तर खालचा डोस दीडपट..."

"तुमचं झालं ना?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "बाहेर व्हा."

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. आता ते आमच्याकडेच बघत होते, आणि काही बोलले नाहीत. मी बाहेर गेलो. दाराच्या फटीतून शेवटचं ऐकलं ते परीक्षकांचं, जरा नरमाईने बोललेलं वाक्य: "बाई, तुम्ही हुशार दिसता. पण मला जे तपासायला सांगितलंय तेवढंच मी तपासतो."

ती नापास झाली. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे, आणि पट्टीला, तिच्या नेटकेपणाला मार्क बरेच होते.

संध्याकाळी मी डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते पडवीत बनियनवर बसले होते, पंख्याने वारा घेत. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "मला माहीत आहे. तिचंच बरोबर होतं."

"मग सांगायचं होतंत."

"वर्गाला मान्यता मिळायची आहे. ती या गृहस्थांच्या अहवालावर. आम्ही लिहिलेला अभ्यासक्रम चुकीचा आहे, असं त्यांच्या तोंडावर मीच सांगू? मान्यता गेली तर तुमचे सगळ्यांचे दाखले कागदाच्या किमतीचे." त्यांनी पंखा खाली ठेवला. "एका माणसाचं एक वर्ष जाईल. पुढच्या खेपेला बसेल, पास होईल. तुम्ही हिशेबी आहात, तुम्हाला कळेल."

मला कळत होतं, म्हणूनच जास्त राग आला. बेरीज त्यांनी चुकीची केली नव्हती. फक्त तिच्या बाजूला एक वर्ष मांडलं होतं. नळ मांडला नव्हता, आजीच्या पदराआडून बघणारं पोर मांडलं नव्हतं.

मान्यता मिळाली. अभ्यासक्रमात सुधारणाही झाली: यापुढे परीक्षेला सरळ बाटल्याच वापराव्यात, असं एक वाक्य घातलं गेलं. परीक्षेची अडचण त्याने मिटली. दाराबाहेर रोगी बाटल्या घेऊन उभेच होते.

कारखान्याची जागा रंगनाथला मिळाली. तो जाताना पेढे वाटून गेला. मार्थाने पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "नळ वाया जाऊ दिऊ नगा, रंगनाथराव. पोरंबाळं करा लवकर." तो बिचारा ओशाळला. वाईट माणूस नव्हता तो.

मी तिला म्हणालो, "पुढल्या वर्षी घडी घाला. निमूट."

"घालीन की. घडी घालाया काय अक्कल लागती?" ती म्हणाली. "पन ती जागा काय वरीसभर माजी वाट बघत बसनार हाय?"

पुढच्या वर्षी तिने घडी घातली. पास झाली. मोकळी जागा कुठे नव्हती. दवाखान्याने तिला औषधखोलीत घेतलं, पण जागा आयाची आणि खोली आयांचीच. तिथे लेकरू चालत नव्हतं. नवऱ्याचं तर पुढे काहीच कळलं नाही. लढाई संपली, माणसं परत आली, काही आली नाहीत. पलटणीकडून तिला ना तो आहे असं कळलं ना नाही असं.

*

मी पारनेरला कंपाउंडर झालो. इथे अजून लोक आपल्याच बाटल्या आणतात. मी पाणी मोजून खाचा पाडतो. परवा एक म्हातारा पट्टी डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "कंपाउंडर, ह्या खाचा वाकड्यातिकड्या झाल्यात. आदला लई सुबक करायचा." मी म्हणालो, "असू द्या बाबा, माझा हात कापतो." त्याला समजावून सांगण्याइतका मला वैशाखात उत्साह नसतो.

या दिवसांत मला राग नक्की कुणाचा येतो, हे मी शोधून पाहिलं आहे. परीक्षकांनी आपलं काम केलं. डॉक्टरसाहेबांनी वर्ग वाचवला, आणि त्या वर्गामुळेच माझी पोरं शिकली. रंगनाथने कुणाचं हिसकावलं नाही. प्रत्येकाचं खातं तपासावं तर बरोबर निघतं. मुनीम म्हणून मला हे माहीत आहे की सगळी खाती बरोबर असून शिल्लक जुळत नसेल, तर काहीतरी मुळात मांडलंच गेलेलं नाही. अभ्यासक्रम करणारी माणसं दूर कुठेतरी एका टेबलाशी बसतात. त्या टेबलावर कधी कुणी केसांच्या तेलाची बाटली आणून ठेवत नाही. आणि शिकायला का आलात हे विचारतात, ते उत्तर ऐकून खट्टू होण्यापुरतंच.

मधूला मी नको म्हटलं नाही. त्याने घ्यावी पदवी. जाताना तो पाया पडला तेव्हा एवढंच म्हणालो, "परवाना भाड्यानं देशील तर इकडं फिरकू नकोस." तो "काका, तुम्ही पण!" म्हणून हसला. बायको नंतर म्हणाली, पोराला असं बोलू नये.

मार्था मला गेल्या उन्हाळ्यात भेटली. दवाखान्याचा माल आणायला मी नगरला गेलो होतो, मोटार स्टँडवर बसलो होतो. ती समोरून आली. केस पिकलेले, हातात पत्र्याची छोटी ट्रंक, आणि मागून दोन हात अंतर ठेवून चालणारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी.

"मुनीमदादा! वळखलं का? खोली मिळाली मला. औंदा. सोताची. दवाखान्याच्या मागंच." ती भराभर बोलत होती. "चुलीला जागा, मोरी, समदं हाय. हिला घिऊन आले हुते."

मी मुलीकडे पाहिलं. डोळे मार्थाचेच. मी विचारलं, "काय गं सुमन, आवडलं का नगर?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग मार्थाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवून, पण तिला ऐकू जाईलच इतक्या जवळून म्हणाली, "ह्या बाई मला घिऊन आल्यात. माजी आई गावाकडं हाय. आजी म्हनत्यात तिला समदी, पन माजी आई हाय ती."

मार्थाने ट्रंक खाली ठेवली, पुन्हा उचलली. "सवय न्हाई तिला," ती मला म्हणाली. "रातभर दाराशी बसती. जेवत न्हाई. म्हनलं, गावाकडं परत सोडून यावं. जबरदस्ती कशाला करायची लेकरावर."

मी रेवड्या घेऊन मुलीच्या हातावर ठेवल्या. तिने मूठ मिटली नाही, तशीच उघडी धरून रस्त्याकडे बघत राहिली.

राहुरीची मोटार धूळ उडवत आली. मार्था पुढे होऊन जागा बघू लागली, तोवर ती पोरगी तिच्या हाताखालून निसटून वर चढली, खिडकीपाशी बसली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.